करवत आणि पाच मंत्री

मित्रांनो, आखातातल्या मुसफ्फाच्या एका लेबर कॅम्पातलं, मजुरांच्या वस्तीतलं जुनं सागवानी टेबल आहे मी. कुडाळच्या तुकाराम सुतारांनी मला घडवलं. १९९८च्या हिवाळ्यात युरोपातल्या एका चिमुकल्या संस्थानाचं मंत्रिमंडळ गुंतवणूक मागायला तिथल्याच अल ऐन शहरात येणार होतं. मंत्री पाचच, पण पक्ष दोन, आणि एकमेकांना पाण्यात पाहणारे. मानाच्या जागी कुणी बसायचं यावरून भांडण नको, म्हणून मला गोल केलं. तुकारामांनी बावीस दिवस माझ्यावर रंधा फिरवला. "पाहुण्यांच्या बाहीचा धागा अडकता नये," असं ते म्हणायचे. मला केवढा अभिमान वाटे!

तो अभिमान पहिल्याच दिवशी उतरला. पंतप्रधानांनी माझ्यावर फाइल ठेवली, की उपपंतप्रधान ती पेनाने ढकलून देत. तिसऱ्या दिवशी कुणीतरी काचेचा पेला माझ्यावर आपटून फोडला. चौथ्या दिवशी दोघांचं एकमत झालं, तेही एवढ्यावरच: आपण एका टेबलावर बसणार नाही, हे कापा.

फर्निचर पुरवणारे सत्यजित साहेब तुकारामांना घेऊन आले.

"साहेब, पाय हलत असेल तर ठोकतो. चांगलं टेबल कसं कापू?"

"क्लायंट बोलला म्हणजे कापायचं. नाहीतर तुझा व्हिसा कॅन्सल. यल्ला, चल लवकर!"

तुकारामांनी मान खाली घातली. "कुठून कापू, तेवढं विचारा."

झालं! पंतप्रधानांच्या पक्षाचे मंत्री तीन, म्हणून त्यांना मोठा तुकडा हवा. उपपंतप्रधानांना बरोबर अर्धा. जेवण गार झालं, तरी आरडाओरडा थांबेना. शेवटी उपपंतप्रधानांनी स्वतःच करवत हिसकावली. मी हलू नये म्हणून तुकारामांनी मला धरून ठेवलं होतं. पलीकडून पंतप्रधानांनी धक्का दिला, करवत घसरली आणि तुकारामांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवरून फिरली.

पंतप्रधान लगेच म्हणाले, "हे तुम्ही केलंत."

"धक्का तुमचा होता!"

पुन्हा तेच सुरू. माझ्या पॉलिशवरून रक्त ओघळत होतं, तिकडे बघायला एकालाही सवड नव्हती.

सत्यजित साहेबांनी आपल्या रुमालाने बोटं बांधली. "मीटिंग खलास!" ते ओरडले. मग हळू म्हणाले, "तुकाराम, चला हॉस्पिटलला. तुमच्या व्हिसाला कुणी हात लावणार नाही."

ते सरकार आठवड्याभरात कोसळलं. मला टेम्पोत घालून मुसफ्फाला, तुकारामांच्या कॅम्पात आणलं. तुकारामांची ती बोटं पुन्हा कधी वाकली नाहीत. चार वर्षं त्यांनी डाव्या हाताने रंधा मारला. २००२ साली गावी निघताना ते माझ्याजवळ आले, उभ्याउभ्याच चहा प्यायले आणि गेले. त्या पाच जणांना मी अजून माफ केलेलं नाही.

मित्रांनो, भांडणं तुमचीही होतील. पण ओढाताण करण्याआधी एकदा बघा, मधे कुणाचा हात आहे.