उत्तरं चाळीची, अहवाल कपाटात

परळच्या कॉलेजात 'समाजसहभाग' हा विषय सक्तीचा झाल्यापासून मनालीबाई सावंत दर जानेवारीत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन लालबागच्या एका चाळीत जायच्या. फॉर्म भरायचे, बॅनर धरून फोटो काढायचा आणि गुण पदरात पाडून घ्यायचे. ही चौथी खेप. शनिवारपर्यंत अहवाल प्राचार्यांच्या टेबलावर हवा होता, आणि पहिल्याच खोलीत घोडं अडलं.

तळमजल्यावर खानावळ चालवणाऱ्या दुर्गाबाई भाकऱ्या थापत होत्या. फॉर्म घेऊन आलेल्या अक्षदाला त्यांनी वर न बघताच सांगितलं, "मी नाय देत उत्तरं."

मनालीबाई पुढे झाल्या. "मावशी, पाचच मिनिटं."

"एका संडासामागे किती घरं, हेच ना? तीन वर्षं सांगतेय. काय झालं त्याचं?"

"अहवाल केला. चांगला झाला."

"मग आमाला कसा कोणी दाखवला नाय तो?" दुर्गाबाईंचा आवाज चढला नाही, म्हणूनच तो जास्त लागला. "गेल्या महिन्यात आमी बायका वॉर्ड ऑफिसात गेलो. संडास दुरुस्त करा म्हटलं. साहेब म्हणाला, लेखी काय आहे? हात हलवत परत आलो. वरच्या अंबिकाला सातवा महिना आहे, ती पण रांगेत उभी राहते. आणि तुमची पोरं पास."

लेखी होतं की! तीन वर्षांचं, इंग्रजीत, छान बांधून विभागाच्या कपाटात ठेवलेलं. मनालीबाईंना स्वतःची मनापासून लाज वाटली.

त्यांनी तिथूनच प्राचार्यांना फोन लावला. "सर, यंदाचा अहवाल शनिवारी होणार नाही. आधी जुने तीन ज्यांचे त्यांना द्यायचे आहेत."

"मॅडम, कॉलेजची तपासणी तोंडावर आलीय."

"मग तपासणीला हेच दाखवू, सर."

रविवारी चाळीच्या गॅलरीत अक्षदाने अहवाल मराठीत वाचून दाखवला. "चालू संडास आठ," म्हणताच बायका हसत सुटल्या.

"त्यातल्या दोनांना दारंच नायत गो," दुर्गाबाई म्हणाल्या. "अकरा वाजता येता, तेव्हा बायका कामाला गेलेल्या. घरी बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारून गेलात. सकाळी पाण्याच्या वेळेला या, सगळ्या भेटतील."

मुलं दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हजर झाली. आकडे दुरुस्त झाले. तो अहवाल घेऊन बाराजणी वॉर्ड ऑफिसात गेल्या, सोबत अक्षदा. साहेबांनी अर्ज दाखल करून घेतला आणि पाहणीची तारीख लिहून दिली. दुरुस्ती अजून व्हायची आहे, पण या वेळी बायका रिकाम्या हाताने परतल्या नाहीत.

त्या संध्याकाळी मनालीबाई खानावळीत गेल्या. कोरा कागद पुढ्यात ठेवून त्यांनी विचारलं, "मावशी, पुढच्या वर्षी आम्ही काय विचारायचं?"

मंडळी, कॉलेज वस्तीत जाऊन आलं म्हणून समाजाचं होत नाही. वस्तीकडून घेतलेलं वस्तीला परत द्यावं लागतं, आणि काय शोधायचं हे तिच्यासोबत बसून ठरवावं लागतं. तेव्हाच ते शिक्षण!

दुर्गाबाईंनी ओले हात पदराला पुसले आणि बाकावर सरकून बाईंना जागा करून दिली. "बसा," त्या म्हणाल्या, "आता सांगते."