कोरडी हिरडी

क्लॅरिनेटच्या काळ्या मुखनळीवर मामांच्या वरच्या दातांनी आयुष्यभराच्या साधनेत एक खाच पाडली होती. डोळे मिटूनही दात तेथे अचूक विसावत. अलीकडे मात्र ते त्या खाचेत बसेनात, आणि सूर कापू लागला. वाद्यवृंदाचा मोठा कार्यक्रम तोंडावर आला होता. वाद्यपेटी काखोटीला मारून मामा भाचीच्या दवाखान्यात येऊन थडकले.

“मुखनळी झिजलीय. तुझी कानस फिरव जरा.”

“मी दातांची डॉक्टर आहे मामा, वाद्यं दुरुस्त करत नाही. आ कर.”

“माझ्या दातांना काय धाड भरलीय? आजवर रक्ताचा टिपूस नाही! तुझ्या आईनं सफरचंद चावलं की ते रक्तानं लाल, आणि उपदेश मला.”

भाचीने खुणा कोरलेली बोथट सळई दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत अलगद सोडली. निरोगी हिरडी तिला तांदळाच्या अर्ध्या दाण्याइतक्या खोलीवर अडवते. येथे ती अडेचना. भाचीने मामांच्या हाती आरसा दिला. एकामागून एक खुणा हिरडीआड गडप होत होत्या. रक्त मात्र नावालाही नव्हते.

“हे... एवढं आत?”

“हिरडी दाताला नुसती टेकलेली नसते, मामा. तिच्या पेशींची पातळ पट्टी दाताला घट्ट चिकटलेली असते. जंतू माजले की रक्तातून लढाऊ पेशींची कुमक येते, हिरडी सुजते, रक्त येतं. ती ओरडते म्हण ना. तुझी ओरडलीच नाही.”

“का?”

तिने त्यांच्या खिशातल्या सिगारेटच्या पाकिटाकडे बोट दाखवले. “धुरानं रक्तवाहिन्या आखडल्या. कुमक अपुरी, आरडाओरडाही नाही. पट्टी आतल्या आत सुटत गेली, हाड झिजलं, दात सरकला.”

मामांनी वाद्यपेटी जवळ ओढली. ते पुटपुटले, “वाजवता येईल का गं पुन्हा?”

“गेलेलं हाड सगळं परत येणार नाही. पण मुळं स्वच्छ केली, तर हिरडी पुन्हा दात धरेल. तू ते पाकीट सोडलंस तर.”

कार्यक्रम दुसऱ्या वादकाकडे गेला. पाकीट दवाखान्यातच राहिले. मुळांची सफाई सुरू झाली.

काही आठवड्यांनी, सकाळी चूळ भरताच बेसिन गुलाबी झाले. मामांनी भाचीला फोन लावला.

“अगं, रक्त! संपलं सगळं!”

“वा!”

“वा काय? मामा मरतोय इकडे!”

“धूर थांबला, रक्तवाहिन्या मोकळ्या झाल्या, म्हणून हिरडीला कंठ फुटला, मामा. आता कुठे दुखतंय ते तीच सांगेल. ये, तिथलं साफ करू.”

“बरं... तुझ्या आईला सांगू नकोस.”

“ती शेजारीच आहे. हसतेय.”

मामा बेसिनमधल्या त्या फिकट रेषेकडे थक्क होऊन पाहत राहिले. मग त्यांनी सवयीने वाद्यपेटी उचलली, हलकेच पुन्हा जागेवर ठेवली, आणि दवाखान्यात जायला रिकाम्या हातांनी जिना उतरू लागले.