मोकळे पाणी

रोवेनाने संगणकावर चित्रणातली सहावी होडी पुसली आणि तेवढाच तुकडा पुन्हा मागे नेऊन पाहिला. लाट कुठेही अडखळत नव्हती.

"उपसागर कसा कोरा दिसला पाहिजे," रिसॉर्टच्या मॅनेजरबाईंनी बजावले होते. "त्या होड्या मधेच कडमडतात. निघतील ना?"

"निघतील की, मॅडम."

लग्ने, बाप्तिस्मे, शाळांची गॅदरिंगे. रोवेना घरबसल्या अशा फिल्मची कामे घेई. एवढे मोठे काम पहिलेच. ड्रोन भाड्याने आणून चित्रणही तिनेच केले होते. करार असा, की फिल्मबरोबर मूळ चित्रणही त्यांना द्यायचे आणि आपल्याकडचे पुसून टाकायचे.

सातव्या होडीला दुपार गेली. भाताची थाळी घेऊन ताताय, तिचे वडील, मागे येऊन उभे राहिले.

"माझी कुठंय गं?"

"जाहिरात आहे, ताताय. पाहुण्यांसाठी."

"सातही बुडवल्यास की! वादळाला जमलं नव्हतं." ते हसत हसत जेवायला बसले.

फिल्म सगळ्यांना आवडली. बाईंनी आणखी दोन कामे दिली.

तीन महिन्यांनी गावच्या कचेरीत सुनावणी लागली. उपसागरात होड्या बांधायला रिसॉर्टची हरकत होती. कोळी म्हणाले, आजोबांपासून आम्ही तिथेच बांधतो. रिसॉर्टच्या वकिलाने शांतपणे पडद्यावर फिल्म लावायला सांगितली.

"मार्चमधलं चित्रण. तुमच्याच गावच्या मुलीचं. दाखवा, कुठंय होडी?"

माना रोवेनाकडे वळल्या. ती उठली.

"होत्या. मी पुसल्या."

"पुसल्याची खूण दाखवा."

ती पडद्याजवळ गेली. एखादी लाट दोनदा येते का, फेस कुठे तुटतो का, डोळे फाडून शोधत राहिली. काम चोख होते.

"मूळ चित्रण कुणाकडे आहे?" गावप्रमुखाने विचारले.

"यांनाच दिलं. माझं पुसलं. करार होता तसा."

मॅनेजरबाई मोबाइलमध्ये पाहत होत्या. "आमच्याकडे हीच फिल्म आहे," त्या म्हणाल्या.

तेव्हा ताताय उठले. पडद्यासमोर जाऊन त्यांनी पाण्यावर बोट टेकवले.

"इथं. माझी इथं असते."

"काका," वकील अदबीने म्हणाला, "जरा बाजूला व्हा. मागच्यांना दिसत नाही."

ताताय बाजूला झाले.