डाव्या स्पीकरची चौकशी

दादाला जन्मापासून दिसत नव्हतं, पण आपल्या कानांना कोणी फसवू शकत नाही अशी त्याची खात्री होती. स्टुडिओत शिरताच तो एक टाळी वाजवी आणि कोणती खुर्ची सरकलीय ते सांगे. लोक तोंडात बोटं घालत. "जादू कसली? ध्वनीचं परावर्तन आहे, शाळेत शिकवतात," असं म्हणून तो वर त्यांनाच झापे.

म्हणूनच, गिऱ्हाइकाला पाठवलेलं आपलं एक रेकॉर्डिंग त्याने पुन्हा लावलं तेव्हा त्याच्या मनात पाल चुकचुकली. डाव्या बाजूचे सगळे बारीक आवाज बोथट झाले होते. त्याने स्वतः घासूनपुसून लख्ख केलेलं काम कोणीतरी बदललं होतं. आणि काम बाहेर पाठवायची ती धाकटी बहीण. दुसरं कोण?

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. हल्ली ती फोनवर कुजबुजायची आणि तो आला की गप्प व्हायची. परवा तर "दादा, थोडे दिवस सुट्टी घे ना," म्हणाली होती. हो, घेतो की! म्हणजे स्टुडिओ हिच्या घशात. पाठच्या बहिणीनेच केसाने गळा कापावा, याचा त्याला संताप आला, आणि रडूही.

"माझ्या कामाला हात लावतेस तू?" त्याने सरळ विचारलं.

"स्पीकर बिघडला असेल," ती चाचरत म्हणाली.

थाप! पण पुराव्याशिवाय आरोप करणं विज्ञानात बसत नाही. दादाने दोन्ही स्पीकरची अदलाबदल केली. दोष स्पीकरचा असता तर उजवीकडे गेला असता. नाही गेला.

"स्पीकर ठणठणीत आहे. दोष तुझ्या फाइलमध्ये आहे," तो ओरडला. "थांब, तुला पळवाटच ठेवत नाही. मी पाठ फिरवून बसतो. आता तो बोथटपणा उजव्या कानात यायला हवा."

त्याने खुर्ची फिरवली आणि ऐकू लागला. बोथटपणा डाव्याच कानात होता.

त्याने खुर्ची परत फिरवली. मग उजव्या कानाशी बोटं चोळली, सळसळ ऐकू आली. डाव्या कानाशी चोळली. काहीच नाही.

"तू डावीकडचे बारीक आवाज फार चढवत होतास रे," बहीण रडत म्हणाली. "लोक तक्रार करायचे. मी गुपचूप उतरवून पाठवत होते."

"आणि फोन?"

"कानाच्या डॉक्टरांना. तुला कसं सांगायचं, तेच विचारत होते."

दादाने शेजारची खुर्ची चाचपली आणि डाव्या हाताला ओढली.

"इथे बस," तो म्हणाला. "आणि जे ऐकू येतं, ते मला सांगत जा."