मनीला सांगितलं होतं

"मने, माणसानं वेळेवर हातपाय हलवावेत गं बाई. काहींना वाटतं, वादळ दारात चपला काढून, विचारून आत येणार!" खिडकीवर फळी ठोकता ठोकता थोरली ओरडली.

मनी पायरीवर बसून पंजा चाटत होती. मांजराला वादळाशी काय देणंघेणं? भिंतीपलीकडे शिलाई मशीन मात्र जोरात खडखडायला लागलं. म्हणजे निरोप पोचला होता.

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. एकच घर, मधे भिंत घालून दोन केलेलं. कौलं एक, आढं एक, तोंडं दोन दिशांना. भांडणाचं मूळ शोधायला गेलात तर एक पातेलं सापडेल, तेही बिनझाकणाचं. तेव्हापासून थोरली धाकटीशी एक शब्द बोलली नव्हती आणि एक दिवस गप्पही बसली नव्हती. लेकी बोले सुने लागे म्हणतात. थोरलीला लेक नव्हती, म्हणून मांजर.

धाकटी तोंडानं उत्तर देत नसे. ती मशीनवर बसे. साधा टोमणा असला तर हळू, वर्मी लागला तर पायडल मोडेल इतक्या जोरात. थोरलीला त्या आवाजाचं भारी समाधान. दवाखान्यात ती आया होती. दिवसभर लोकांचं हागणंमुतणं काढायचं, डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचं ऐकून घ्यायचं. घरी आल्यावर तो खडखडाट ऐकला की तिला वाटायचं, जगात आपलंही कुणी ऐकतंय.

सकाळपासून भोंग्याची गाडी फिरत होती. किनाऱ्यालगतच्यांनी संध्याकाळच्या आत शाळेत जावं. दोघींचे नवरे होड्या वर ओढायला बंदरावर गेले होते आणि पुलावर पाणी आल्यामुळे तिकडेच अडकले होते. सासू धाकटीच्या अर्ध्यात, अंथरुणाला खिळलेली. तिला न्यायला गाडी येणार होती. ती आली नाही, आणि आता येणारही नव्हती.

माड वाकायला लागले तशी थोरलीची नजर वर गेली. आढ्याकडे.

मागे कौलं चाळताना ती शिडीवर चढली होती. तिच्या बाजूचं लाकूड ठणठणीत. भिंतीपलीकडच्या टोकाला बोट लावलं तर भुगा. त्याच संध्याकाळी तिनं मनीला सांगितलं होतं, "पलीकडे वाळवी लागलीय गं मने. पोसतायत आपल्या हातानं. एक दिवस अख्खं घर खाऊन टाकील."

तेव्हा धाकटीचा बेकार भाऊ तिच्याकडे राहत होता. एका दगडात दोन पक्षी मारले म्हणून थोरली स्वतःवरच खूश. त्या दिवशी मशीन जेवणाची वेळ टळली तरी थांबलं नाही. चार दिवसांनी भाऊ ट्रंक उचलून निघून गेला. वाळवी मात्र होती तिथेच राहिली. थोरलीनं पुढेही ते अधूनमधून सांगितलं, मनीलाच.

आताही तिनं तेच केलं. "मने, वर बघावं माणसानं! वर वाळवी आहे, वाळवी!"

पलीकडे मशीन सुसाट सुटलं. बाहेर कौलं उडायला लागली होती आणि ही बाई शिवत बसली होती. थोरलीच्या हातातला हातोडा थांबला. तो आवाज तिला पहिल्यांदाच ऐकवेना.

ती वाऱ्याला रेटत अंगणातून गेली आणि धाकटीचं दार बडवलं.

"तुझ्याकडचं आढं पडणार आहे. आईंना घेऊन माझ्याकडे चल."

धाकटीनं तिच्या मागे बघितलं, मांजर कुठे आहे ते. "कुणाला बोलताय?"

"तुला, भवाने! तुलाच बोलतेय!"

"भावाला घालवलंत. आता मलाही घराबाहेर काढायचंय?"

थोरलीनं कोपऱ्यातला बांबू उचलला आणि वर आढ्याला ढोसला. भसकन भुगा खाली आला, मशीनमधल्या अर्धवट शिवलेल्या झंपरावर. धाकटी त्या भुग्याकडे बघत राहिली.

"बघत काय बसलीस? चादरीची टोकं धर. घट्ट गुंडाळ. मी उचल म्हटलं की उचल."

सासूनं डोळे उघडले. "दोघी एकत्र? म्हणजे मी गेले वाटतं."

"गप पडा, अजून नाही," दोघी एकदमच म्हणाल्या.

अंधारून आलं तेव्हा तिघी थोरलीच्या खोलीत होत्या. आढं पडलं त्याचा फार मोठा आवाजही झाला नाही. कुणी पोतं टाकावं तसा दणका, मग कौलांचा पाऊस. मधली भिंत हादरली, पण उभी राहिली.

धाकटी म्हणाली, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"सांगत होते की! घसा फोडून सांगत होते."

"मनीला सांगत होतात."

थोरलीनं सासूची चादर उगाच सारखी केली.

"मी माझ्या भावाला भरल्या ताटावरून उठवलं. वाटलं, तुम्ही वाळवी त्याला म्हणताय."

त्यालाही म्हणत होते, हे खरं उत्तर होतं. ते थोरलीच्या जिभेवर आलं आणि आयुष्यात प्रथमच तिनं ते गिळलं.

सकाळी वारा पडला. बंदरावरून दोघींचे नवरे आले, आणि त्यांच्या पाठोपाठ हातगाडी घेऊन धाकटीचा भाऊ. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्यानं सासूला उचलून गाडीवर निजवलं, आपल्याकडे न्यायला.

थोरली दारात उभी राहिली. "राहा इथंच. माझ्याकडे. मी राहा म्हणतेय."

"मनीला विचारा," धाकटी म्हणाली आणि मागे वळून न बघता गाडीच्या मागून चालू लागली. धाकटीचा नवराही खाली मान घालून तिच्यामागे गेला.

मग बरेच दिवस थोरली ड्यूटीवरून यायची, पायरीवर बसायची. "मने, काही लोकांना..." एवढं म्हणायची आणि भिंतीकडे कान लावायची. भिंतीपलीकडे नुसतं आभाळ होतं.

एका सुट्टीच्या दिवशी तिनं कौलांच्या ढिगातून मशीन उकरून काढलं. पेशंटचं अंग पुसावं तसं ओल्या फडक्यानं पुसलं, तेल घातलं आणि आपल्या खोलीत, त्याच भिंतीला लावून ठेवलं. मनी येऊन शेजारी बसली.

"मने," थोरली म्हणाली, "तिला सांग, चुकलं माझं."

मग तिनं पायडलवर पाय ठेवला आणि दाबला. पट्टा तुटलेला होता. तिचा पाय वरखाली होत राहिला, पण मशीन काही वाजलं नाही.