तिसरी हाक

वसुधाताईंनी अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या त्या घरात पाऊल ठेवलं, बॅग अजून दारातच होती, आणि आतून त्यांच्या मेलेल्या मुलीने हाक मारली.

"आई!"

पद्मजाचाच आवाज. शेवटची ई जरा लांबवणारा, लाडिक, ऐन कामाच्या वेळी वैताग आणणारा. वसुधाताई चपला ठेवायच्या रॅकपाशी मटकन खालीच बसल्या. पद्मजाला जाऊन दहा दिवस झाले होते.

जावई श्रीराम धावत आला. "आई, घाबरू नका. प्रीताचा टॅब आहे तो."

प्रीता म्हणजे पद्मजाची लेक, साडेचार वर्षांची. तिला ऐकू सगळं येतं, कळतंही सगळं, पण तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणून गळ्यात पट्ट्याने अडकवलेला टॅब. त्यावर चित्रांची बटणं. पेल्याचं चित्र दाबलं की टॅब म्हणतो, "पाणी." पोळीचं दाबलं की, "भूक लागली." आणि हे सगळं बोलणारा आवाज पद्मजाचा. दोन वर्षांपूर्वी, आजाराचं नावही नव्हतं तेव्हा, तिने एका रविवारी बसून चांगली साठ-पासष्ट बटणं स्वतःच्या आवाजात भरली होती. "माझ्या पोरीने काय मशीनच्या आवाजात पोळी मागायची?" फोनवर म्हणाली होती. हट्टी कार्टी!

आता हट्टी कार्टी गेली आणि आवाज तेवढा मागे ठेवून गेली.

पाणी, भूक, नको, अजून, एवढं वसुधाताईंनी सोसलं. कानांना सवय लावली. पण 'आई' त्यांना सोसेना. एक तर त्या वेळेवर पोचल्या नव्हत्या. पासपोर्टची मुदत संपलेली, ते वसुधाताईंच्या लक्षातच नाही, नवा हाती येईपर्यंत पद्मजा रोज फोनवर विचारायची, "आई, कुठे आहेस गं तू?" आणि ह्या राजापुरात बसून म्हणायच्या, "आलेच गं, आलेच." कसल्या येतायत!

आणि दुसरं, राजापूरची शिकवण. गेलेलं माणूस हाक मारतं, पण दोनदाच. तिसऱ्यांदा मारतं ते जिवंत. तिसरी हाक ऐकल्याशिवाय ओ द्यायची नाही. दिलीत तर गेलेला जीव तिथेच अडकून पडतो. वसुधाताईंच्या आजीने हे सांगितलं आणि वसुधाताईंनी ते जन्मभर पाळलं. शेजारीण फाटकात उभी राहून बोंबलली तरी दोन हाका ह्या ढिम्म. लोक हसायचे. हसू देत.

तर टॅब "आई" म्हणाला की वसुधाताई उठायच्या. कधी सिंकचा नळ सोडायच्या, कधी मिक्सर लावायच्या, कधी सरळ मागच्या अंगणात जाऊन उभ्या राहायच्या. दुसरी हाक पाठीवर यायची. मग अंगणाचं काचेचं दार सरकवून बंद. प्रीता काचेच्या आतून बघत राहायची. आईसारखेच मोठे डोळे पोरीचे, तेही बघवायचे नाहीत.

"तिला सांगितलंयस का तू?" त्यांनी एकदा श्रीरामला विचारलं.

"काय सांगू, आई? आई ट्रॅव्हल करतेय असं म्हटलंय." तो लॅपटॉप उचलून वर निघून गेला. त्याच्या मीटिंगा सकाळपासून वरच्या खोलीत चालायच्या. मीटिंग नसली तरी दार बंदच असायचं.

तीन आठवड्यांनी हाका थांबल्या. सुटले बाई, असं वसुधाताईंना वाटलं, खोटं कशाला सांगू? पण दोन दिवसांनी "अजून" थांबलं. मग "भूक लागली." मग "पाणी"सुद्धा. प्रीता तहानेने सुकलेले ओठ घेऊन सिंकपाशी उभी राहायची, टॅब गळ्यात, हात खाली. घरात फ्रिजची घरघर तेवढी. पद्मजाचा आवाज ऐकू येत होता तेव्हा वसुधाताईंना भीती वाटायची. आता तो येईना म्हणून त्या स्वयंपाकघरात एकट्या बसायला घाबरू लागल्या. लेक दुसऱ्यांदा गेली होती, आणि या खेपेला त्या घरातच होत्या.

शुक्रवारी इशिता आली. ही प्रीताची स्पीच थेरपिस्ट, इथेच जन्मलेली, मराठी फक्त घरात ऐकून शिकलेली. तिने टॅब हातात घेतला, काहीतरी उघडलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काकू, हे बघा ना. कधी कुठलं बटण दाबलं, सगळं सेव्ह होतं. नऊ तारीख. सकाळी दहा वाजून चार, आई. दहा पाच, आई. दहा सात, आई." ती बोट खाली खाली नेत राहिली. "रोज सेम. तीन टाइम्स. ती वेट करते, मग पुन्हा दाबते. थर्डनंतर गिव्ह अप. मागच्या वीकपासून तर काहीच नाही. कोणी आन्सर देत नव्हतं का?"

वसुधाताईंनी चष्मा लावला. दहा तारीख, तीन. अकरा, तीन. बारा, तीन. पोर रोज तिसरी हाक मारत होती, आणि ती यायच्या आत ह्या अंगणात पोचलेल्या असायच्या.

"मी थांबलेच नाही गं तिसरीला," त्या म्हणाल्या आणि हाकांची ती सगळी हकीकत त्यांनी सांगून टाकली.

इशिताला त्यातलं निम्मं कळलं असेल. "भूत? काकू, ती चार वर्षांची आहे!" मग आवाज खाली आणून म्हणाली, "मुलांना आन्सर मिळालं नाही ना, तर त्यांना वाटतं बोलून काय यूज? मग सगळंच सोडतात. लवकर परत आणलं नाही तर खूप हार्ड होतं."

"मग काय करू सांग. वाट्टेल ते करते."

"तिला दाब म्हणायचं नाही. फोर्स नाही. तुम्ही दाबायचं, तिच्यासमोर. आणि आन्सर पण तुम्हीच द्यायचं."

"मी? ते बटण?"

"तेच," इशिता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता वसुधाताई गालिच्यावर प्रीतासमोर मांडी घालून बसल्या. प्रीताची नजर कुठेतरी कोपऱ्यात. वसुधाताईंनी बटणाकडे न बघताच बोट टेकवलं, पहिल्या खेपेला बाजूचंच चित्र दाबलं गेलं आणि पद्मजा म्हणाली, "नको." त्यांनी आता नीट बघितलं. पुन्हा दाबलं.

"आई!"

"ओ," वसुधाताई म्हणाल्या.

"आई!"

"ओ. आले."

मग त्यांनी हात मागे घेतला. तिसरी हाक त्यांनी मारायची नव्हती. मिनिट गेलं, दोन गेली. गुडघे दुखायला लागले. देवा, एवढं एक दे, म्हणत त्या बसून राहिल्या. प्रीताने मान वळवली. आधी टॅबकडे बघितलं, मग आजीच्या तोंडाकडे. तिचं बोट हळूच पुढे आलं.

"आई!"

"ओ! ओ गं माझ्या बाई, ओ!"

बोट तिथे थांबलं नाही. ते खालच्या ओळीत सरकलं आणि दुसऱ्या चित्रावर टेकलं.

"कुठे?" पद्मजाने विचारलं.

फोनवर विचारायची अगदी तसंच. वसुधाताईंना हुंदका आवरेना. "आले गं, पद्मा," त्या टॅबलाच म्हणाल्या. "उशीर केला मी. चुकले. पण आले." मग पदराने नाक पुसून त्यांनी प्रीताला मांडीवर ओढलं. जिन्यावर श्रीराम हेडफोन गळ्यात घेऊन उभा होता. त्याने मान हलवली, नको म्हणून की हो म्हणून कुणास ठाऊक. वसुधाताई त्याच्यासाठी थांबल्या नाहीत.

"तुझी आई ट्रॅव्हलला नाही गेली, प्रीता. ती खूप आजारी होती. ती मेली. ती आता परत येणार नाही, बाळा. किती हाका मारल्यास तरी येणार नाही. पण हाक मारलीस की मी येईन."

प्रीता हलली नाही. श्रीराम जिन्यातच खाली बसला. मग पोरीने आजीच्या ओल्या गालाला हात लावून बघितला, टॅब पुढे ओढला आणि बटण दाबलं.

"अजून."

"अजून काय, भारी हट्टी होती तुझी आई," वसुधाताई म्हणाल्या आणि पद्मजाची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागल्या.