हाताला बुरशी

पहिले काही दिवस काहीच दिसत नाही. बाटलीत जरबेराचे कोंब हिरवेगार उभे असतात, खालचं घट्ट पोषक माध्यम स्वच्छ असतं. मग एका सकाळी एखाद्या कोंबाच्या बुडाशी पांढरा कापूस दिसतो, पुढे त्यावर राखाडी-हिरवी पूड धरते, आणि ती बाटली झाकणासकट ऑटोक्लेव्हच्या दाबाखालच्या वाफेत शिजवून फेकून द्यावी लागते. योगिनी अशाच बाटल्या निवडून ट्रेमध्ये ठेवत होती. प्रत्येक झाकणावर मार्करने तिचीच आद्याक्षरं होती.

म्हसरूळच्या पुढे, दिंडोरी रोडवर ही टिश्यू कल्चरची लॅब होती. फुलांच्या पॉलीहाऊसना इथून रोपं जात. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करून योगिनी इथे लागली होती आणि अजून कायम झाली नव्हती. काम साधं होतं. लॅमिनारसमोर बसायचं, म्हणजे जाळीतून गाळलेली हवा सोडणाऱ्या कपाटासमोर. जुन्या बाटलीतले कोंब कापून नव्या बाटलीत लावायचे. झाकण बंद करून बाटली डावीकडच्या ट्रॉलीवर ठेवायची. लॅमिनारला समोर काच होती. तिच्यात मास्क आणि टोपी यांच्या मधले स्वतःचे डोळे दिसत.

गेल्या महिन्यापासून त्या डोळ्यांच्या मागे आणखी एक डोकं दिसत होतं. पदर घेतलेलं. मागे वळून पाहिलं की तिथे पांढरी भिंत असे, आणि मास्कच्या आत मोहरीच्या डाळीचा वास भरलेला असे. योगिनीने काचेकडे बघणंच सोडून दिलं होतं. नजर चिमट्याच्या टोकावर ठेवायची आणि काम संपवायचं.

ती कोण आहे हे तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. कलाबाई आत्या. नवरा गेल्यावर ती सिन्नरजवळच्या गावी भावाच्या घरी परत आली आणि घरातली लोणच्याची बरणी तिच्या ताब्यात गेली. योगिनी दुसरीत होती तेव्हा तिने त्या बरणीत हात घातला, आणि त्या वर्षी लोणच्यावर बुरशी आली. आत्या रागावली नव्हती. तिने योगिनीची बोटं आपल्या हातात घेऊन उजेडात धरली, नीट पाहिली आणि म्हणाली, "हिच्या हाताला बुरशी हाय. पोरीचा दोष नाय. पण बरणीला हात नका लावू देऊ." त्यानंतर कुरडयांना, पापडांच्या पिठाला, साध्या विरजणालाही कुणी योगिनीला बोलावलं नाही. बुरशीचे कण हवेत सगळीकडे असतात, ते कुणा एकीच्या हातात जन्मत नाहीत, हे तिने पुढे परीक्षेत लिहिलं आणि त्यावर चांगले गुणही मिळवले. आत्या मात्र अगदी प्रेमाने बोलली होती, म्हणून तिचं बोलणं कुठेही खोडता आलं नव्हतं. आता तर आत्या जाऊनही चार वर्षं झाली होती.

मंगळवारी लॅबच्या प्रमुख अंजली मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"बस. चहा घेशील?"

"नको मॅडम."

"म्हणजे घाबरली आहेस." त्यांनी खराब बाटल्यांचा ट्रे बाजूला सरकवला. "तो किरमिजी जरबेरा. वणीकडच्या एका शेतकऱ्याकडे एकच झाड होतं, त्याच्यावरून आपण केला. झाड कधीच मेलं. मूळ बाटल्या आता एकाच ट्रेइतक्या उरल्यात. बाकीच्या गेल्या, आणि बहुतेक तुझ्या हातून."

हातून. योगिनीने दोन्ही हात मांडीवर घेतले.

"सोमवारी त्या पुढे लावायच्यात. तू लावणार, की सुवर्णाला देऊ? मी रागावणार नाही. फक्त तिला दिल्या तर तुला पॅकिंगला घ्यावं लागेल. बेंचवर बसून घाबरणारं माणूस मला नको. शनिवारपर्यंत सांग."

योगिनी बेंचवर परतली तेव्हा शेजारी सुवर्णा मास्क काढून डबा उघडत होती. पॅकिंगच्या खोलीत पुठ्ठ्याची खोकी होती आणि एकही काच नव्हती. तिथे आत्या आली नसती. हा विचार मनात इतका हलका आला की योगिनीला त्याचीच भीती वाटली.

"सुवर्णाताई, माझ्या हातांची प्लेट करायची आहे. तुमच्याही हाताची द्याल? तुलनेला."

"घे. हात बघून भविष्य सांगणारे पाहिले, हातावर बुरशी पेरून बघणारी तूच पहिली."

दोघींनी माध्यमाच्या प्लेटवर पाची बोटं टेकवली. एकदा हात न धुता, एकदा स्पिरिट चोळून. प्लेटा उबदार पेटीत गेल्या. शुक्रवारी योगिनीने त्या उजेडात धरल्या. न धुतलेल्या बोटांखाली दोघींच्याही जंतूंच्या वसाहती उगवल्या होत्या, सुवर्णाच्या जरा जास्तच.

"माझीच बाग फुललीय की," सुवर्णा म्हणाली.

स्पिरिट लावलेल्या प्लेटा दोघींच्याही कोऱ्या होत्या. पाच बोटांचे पाच उथळ ठसे, आणि त्यांत काहीही नाही. योगिनी बराच वेळ ती प्लेट हातात धरून उभी राहिली. इतक्या वर्षांचा आरोप समोर खोटा ठरला होता आणि तिला सुटल्यासारखं वाटत नव्हतं. बाटल्या तर जात होत्या. हात स्वच्छ असेल, तर हात काय करतो ते बघायला हवं होतं. आणि काम करताना स्वतःचे हात बाहेरून दिसण्याची जागा लॅबमध्ये एकच होती.

त्या दुपारी तिने मान वर ठेवली आणि काचेत पाहिलं.

पदर घेतलेलं डोकं तिथे होतंच. योगिनीने त्याच्यावरची नजर काढली नाही. हात सवयीने चालू राहिले: कापणं, लावणं, झाकण, ट्रॉली. दुसरी बाटली. तिसरी. मग काचेत डावीकडे काहीतरी हललं. ट्रॉलीवर ठेवलेल्या बाटलीकडे एक हात गेला. मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, नवरा गेल्यावरही आत्याने न उतरवलेल्या. हाताने झाकण किंचित उचललं, आत पाहण्यापुरतं, आणि पुन्हा टेकवलं.

योगिनीने खाली पाहिलं. झाकणावर तिचा स्वतःचा डावा हात होता. मनगट उघडं होतं, लॅबमध्ये बांगडी चालत नाही.

ट्रॉली गाळलेल्या हवेच्या बाहेर होती. तिथे उघडलेल्या झाकणातून खोलीतली हवा आत जात होती, आणि हवेबरोबर बाकीचं सगळं. खात्री करून घेण्यासाठी ती प्रत्येक बाटली पुन्हा उघडत होती. किती दिवसांपासून, ते तिला माहीत नव्हतं.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर तिने गावी फोन लावला.

"आई, आत्याच्या लोणच्याला बुरशी आली होती ते वर्ष आठवतं?"

"कोणतं वर्ष? दर एक-दोन वर्षांनी यायची की."

"मी हात घालायच्या आधीपण?"

"आधीपण, नंतरपण. अक्का रोज बरणी उघडायच्या. फडकं सोडायचं, वाकून बघायचं, पुन्हा बांधायचं. लय भ्यायच्या. लोणचं नासलं तर या घरात आपलं काय उरलं, असं वाटायचं त्यांना. बघून बघूनच नासवायच्या."

"मग माझं नाव का घेतलं?"

"कुणाचं तरी घ्यायला लागतंच ना. त्यांचं घेणार कोण?" पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. "मी बोलायला पायजे होतं. नाय बोलले. जेवलीस का?"

शनिवारी ती अंजली मॅडमच्या दारात उभी राहिली. "मी लावते," ती म्हणाली. "आणि बाटल्या मी का घालवत होते तेही सांगते." तिने सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं. आत्याबद्दल ती काही बोलली नाही.

सोमवारी किरमिजी जरबेराच्या बाटल्या तिच्यासमोर आल्या. तिने ट्रॉली डाव्या हाताच्या टप्प्याबाहेर ढकलली. बाटली ठेवायची तर उठून जावं लागणार होतं. मोहरीचा वास लगेच आला. तिने काचेत पाहिलं. आत्या या वेळी अगदी जवळ होती, जवळजवळ खांद्याशी, आणि पदराखालचा चेहरा पहिल्यांदाच दिसत होता. योगिनीला वाटलं होतं तसा तो तिच्या हातांकडे बघत नव्हता. तो बाटल्यांकडे बघत होता, घाबरून.

पहिली बाटली लावून झाली. झाकण बसलं. ट्रॉलीवर ठेवून ती परत येऊन बसली, तेवढ्यात डावा हात आपोआप उचलला गेला. कानाशी कुणीतरी हळू म्हणालं, "एकदा बघून घे गं. गेलं तर आपलं काय राहील?"

"आत्या," योगिनी मास्कच्या आत म्हणाली, "झाकण नीट बसलंय. मीच लावलंय."

हात हवेत थांबला. मग तिने तो स्पिरिटने पुसला आणि चिमटा उचलला. हे प्रत्येक बाटलीला झालं. शेवटच्या बाटलीलाही तो हात उचलला गेला आणि हवेतच थांबला.

दहा दिवसांनी ती आणि सुवर्णा बाटल्या वाढीला ठेवायच्या खोलीत ट्यूबलाइटखाली उभ्या होत्या. काचेआड कोंब वाढले होते. कोपऱ्यातल्या एका बाटलीत बुडाशी पांढरा कापूस होता.

"एक गेली," सुवर्णा म्हणाली.

"गेली." योगिनीने ती बाटली तशीच बंद उचलून ट्रेमध्ये ठेवली. झाकणावर तिची आद्याक्षरं होती. ती तिने पुसली नाहीत.

पुढच्या रविवारी ती गावी गेली. आई कैरीच्या फोडी घेऊन बसली होती. "मी कालवू?" योगिनीने विचारलं. आईने परातीतून हात काढला, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हात धुऊन ये."

लोणचं तिने कालवलं, बरणीत दाबलं, झाकण लावून फडकं बांधलं. दुपारी घरातली सगळी शेतावर गेली आणि ती ओट्यावर बसून राहिली. आत, स्वयंपाकघरात, झाकण किंचित वाजलं. मग बांगड्या.

ती उठली नाही. "राहू दे आत्या," ती दाराकडे न बघता म्हणाली. "ये, इथे बस."

बांगड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळाने ओट्यावर, तिच्या शेजारी, मोहरीचा वास आला.